मांडवाचा खड्डा

आधी ते नुसतं मैदान होतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कडुनिंब. मग रायपूर राजधानी झालं आणि मैदानाचं स्टेडियम झालं. भिंत आली, लोखंडी गेट आलं, चारी बाजूंनी पायऱ्या चढल्या. साहेबलोकांसाठी टिनाचं छत घातलं, तेही पश्चिमेकडे तोंड करून. संध्याकाळच्या मॅचला सगळं ऊन त्यांच्याच डोळ्यांत. तेवढंच आम्हाला समाधान.

पण नव्या राज्याचा एकही कार्यक्रम त्या स्टेडियमनं सोडला नाही. मेळावा तिथंच, सत्कार तिथंच, नाचगाणं तिथंच. फुटबॉलवाल्यांनी मधल्या दिवसांत उरकून घ्यायचं.

माझा दादा तिथं डाव्या बाजूनं खेळायचा. बाबा रेल्वेत, रिटायरमेंटला आलेले. ते रिटायर झाले की क्वार्टर जाणार. दादा खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागला तरच छप्पर टिकणार होतं, आणि त्याची ट्रायल याच स्टेडियमवर होती.

ट्रायलच्या आधी कुठलासा सत्कार झाला. मांडववाल्यांनी बल्ल्या उपटल्या, खड्ड्यांवर पायानं माती ढकलली आणि गेले. दादा आणि त्याचे दोस्त संध्याकाळभर त्यात मुरूम ठोकत बसले.

बाबा म्हणाले, "काहून जीव काढून राहिला बे? उद्या पळाचं हाय तुले."

"नहीं भरेंगे तो किसी का पैर जाएगा, बाबा," दादा म्हणाला. तो आमच्याशी हिंदीतच बोलायचा.

एक खड्डा राहून गेला. वरून गवत होतं, दिसला नाही.

दादा बॉल घेऊन सुटला तेव्हा मी आणि आई पायऱ्यांवर होतो. त्याचा पाय आत गेला आणि बाकीचा दादा पुढे गेला. आईनं माझा हात इतका आवळला की तिची बांगडी वाढली. शिट्टी वाजली. दादाला उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच्या जागी दुसऱ्या पोट्ट्याला बोलावलं. खड्ड्याकडे एकानंही वाकून पाहिलं नाही. मुडदे मेले. आजही माझा जीव जळतो.

गुडघा जुळला, चालण्यापुरता. पुढे बाबा रिटायर झाले आणि आम्ही गुढियारीत भाड्याची खोली घेतली.

सामान निघत होतं तेव्हा क्वार्टर मिळालेला माणूस आला. दादाच्या जागी बोलावलेला तोच पोट्टा. रेल्वेनं त्यालाच घेतलं होतं. खाली मान घालून त्यानं आमची पेटी रिक्षापर्यंत नेली. दादा लंगडत मोरीपाशी गेला आणि त्याला नळ दाखवला. "थोड़ा दबाके बंद करना, नहीं तो टपकता है."

जाताना तो पोट्टा आईच्या पाया पडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राय, बाबू."

त्याचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी आईच्या जागी असते, तर पाय मागे घेतला असता.