सीटवरचा नारळ

मुकुटबनच्या बसस्टँडमागे वाहिद मिस्त्रीचं टिनाचं दुकान आहे. फवारणीचे पंप, मोटरसायकली, कडबाकुट्टी, इंजिनावर चालणारं सगळं तिथे येतं. लोक म्हणत, वाहिदशी इंजिन बोलते. बावीस वर्षांत दुकानावर पाटी लागली नाही, कारण 'वाहिदकडे ने' हीच पाटी होती. घरी बायको खातूनबी आणि तो, दोघंच. मिरवावं असं त्या नावापलीकडे त्यांच्याजवळ काही नव्हतं.

दुकान नवं होतं तेव्हा तांड्यावरच्या फुलसिंगनं काम लवकर व्हावं म्हणून कडबाकुट्टीची जाळी काढून मागितली. वाहिदनं काढून दिली. आठव्या दिवशी फुलसिंगची दोन बोटं गेली. फुलसिंगनं बोल लावला नाही, वाहिदनं मात्र स्वतःला लावला. माणसाच्या राखणीसाठी यंत्रात जे बसवलेलं असतं ते तोडून द्यायचं काम त्यानं पुन्हा घेतलं नाही.

गावच्या शाळेला कोणा दात्यानं गवत कापायचं यंत्र दिलं होतं. लहानसा ट्रॅक्टरच तो. वर माणसानं बसायचं, खाली पातं फिरतं. शाम शिपाई तो चालवी, दुरुस्ती वाहिदकडे.

खांडेनवमीला शाळेत यंत्राची पूजा होई आणि पूजेनंतर इंजिनाचा एक आवाज काढायचा, अशी रीत. दरसाल नारळ बोनेटवर ठेवत. गेल्या साली तो उतारावरून घरंगळला आणि फुटला. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव यांच्या मनाला ते लागून राहिलं. म्हणून औंदा त्यांनी सीटवरच खण अंथरला, त्यावर नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ. आता तो दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावरच उचलायचा. शामनं बाजूला उभं राहून किल्ली फिरवली. इंजिन नुसतं गरगरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तेच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर क्रिकेटच्या सामन्यांचं उद्घाटन होतं आणि गवत पोटरीएवढं. वाहिदला निरोप गेला.

तो आला. आधी सगळं हुंगलं, पाहिलं. पेट्रोल ताजं, बॅटरी भरलेली. प्लग काढून घासला, वायरीच्या टोपीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला.

"मार रे शाम."

शामनं किल्ली मारली. प्लगवर ठिणगी आली नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. वाहिद इंजिनापासून निघालेल्या एका बारीक वायरीमागे बोटानं सरकत गेला. वायर सीटखाली शिरत होती. तो उठून हसला.

"विठ्ठलभाऊ, यंत्र चांगलं हाय. सीटखाली बटन हाय. माणूस बसला की दबते, मंगच ठिणगी येते. चालवणारा पडला त पातं थांबलं पाहिजे म्हणून तसं केलं हाय. तेवढा नारळ उचला."

"पूजा मांडली हाय, वाहिद. मुहूर्ताआधी हलवता येत नाही."

"मी कुठं बसतो म्हणतो जी? शामले बसवा. तुम्ही बसा."

"सांगतलं ना, नाही हलवता येत. अन् नारळ हाय ना बसलेला!"

वाहिदच्या तोंडून सरळ निघून गेलं, "नारळाच्या वजनानं काय होते भाऊ? त्याचं वजन कायी कामाचं नाही."

विठ्ठलरावांचा पुतण्या अंकुर इतका वेळ मोबाइलमध्ये होता. त्यानं मान वर केली. "काय म्हटलं? आमच्या देवाचं वजन कामाचं नाही?"

"बेटा, मी बटनाचं बोलून राह्यलो."

"बेटा-बिटा नको म्हणू. येत नसन त सांग ना. देवावर कायले ढकलतं?"

वाहिदनं विठ्ठलरावांकडे पाहिलं. खांडेनवमीला गिऱ्हाईक येऊन फुलं वाहील म्हणून तो स्वतः दुकानातले पाने रॉकेलनं धुवून ओळीनं मांडत असे, आणि हेच विठ्ठलराव त्यांवर कुंकू लावत असत. ते आता माळेची गाठ सारखी करत होते.

"वायर तोड अन् डायरेक्ट कर," अंकुर म्हणाला. "इतकं त कोणालेही येते."

"येते मले. पण करत नाही. उद्या शाम वरून पडला त पातं फिरतच राहीन."

शाम मान खाली घालून उभा होता.

"राहू दे वाहिद," विठ्ठलराव म्हणाले. "तू जा. पाहू सकाळी."

सकाळी नारळ उतरला. शाम नेहमीसारखा सीटवर बसला आणि पहिल्याच किल्लीला यंत्र पेटलं. अंकुरनं टाळ्या वाजवल्या. "पाहा! काल त्याचे हात लागले, नाही झालं. आज देवानं केलं." दुपारपर्यंत हे पानठेल्यावरून बाजारात गेलं आणि जाता जाता वाढलं. वाहिद देवाला वाईट बोलला, यंत्र त्याला उमगलंच नाही, नवीन मशिनी आता त्याच्या डोक्यात शिरत नाहीत.

संध्याकाळी सोनं द्यायला विठ्ठलराव दरसालसारखे दुकानी आले. बरोबर शाम. आपट्याची पानं वाहिदच्या हातावर ठेवून ते मायेनंच म्हणाले, "मनावर घेऊ नको. एखाद्या वेळी नाही जमत माणसाले."

वाहिदनं शामकडे पाहिलं. शामला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "चाला ना साहेब, उशीर होते."

"हौ भाऊ," वाहिद म्हणाला, "नाही जमलं."

ते गेल्यावर आतून खातूनबी बाहेर आली. "काहून असं बोलले जी? खरं काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय? माफ करून राह्यले होते ते मले. माफ करणारा कधी ऐकते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवादास त्याचा फवारणीचा पंप परत मागायला आला. पंप खोलून ठेवलेला होता, दोन तासांचं काम उरलं होतं. सेवादास वर न पाहता म्हणाला, "राहू द्या मिस्त्री. मारेगावला चाललोच हाय, तिकडंच दाखवतो."

वाहिदनं सुटे भाग एकेक पुसले, कोणता कुठे लागतो ते तिथल्या मिस्त्रीला कळावं म्हणून ओळीनं कागदात बांधले, आणि पुडकं त्याच्या हाती दिलं.