सामाईक भिंत

अनसिंगला आम्ही एक जुनं घर पाहायला गेलो होतो. भिंतींना नुकताच रंग दिलेला. मालक फोनवर बोलत बाहेर गेला, तशी शेजारीण भांडी घासणं टाकून आत आली. तिनं पदराला हात पुसला आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात भिंतीला लावला.

"आतून ओली हाय. माह्या न्हाणीचं पानी मुरते इकडं."

"मग तुम्हीच कशाला सांगता?" मी विचारलं.

"त्याले घर विकाचं हाय, बाई. मले तुमच्या शेजारी राहाचं हाय."

ते घर आम्ही घेतलं नाही. आता वाशिमला नव्या फ्लॅटमध्ये राहतो. कधीतरी मीही भिंतीला तसाच उलटा हात लावून पाहते. भिंत कोरडी असते. पलीकडे कोण राहतं, अजून ठाऊक नाही.