ड्रम थांबवणारा केक

हेरफर्डशरमधल्या त्या आडबाजूच्या बंगल्याची देखभाल एडना प्रीसबाईंकडे होती. बाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मालकांनी तो बर्मिंगहॅमकडच्या चार झिपऱ्या पोरांना गाण्यांच्या रेकॉर्डिंगसाठी भाड्याने दिला. आता एवढ्या खोल्या असताना पोरांनी ड्रम मांडावेत कुठे? थेट जिन्याखाली! का, तर म्हणे तिथे आवाज घुमतो. घुमतो कसला, घर हादरायचं नुसतं. आणि भिंतीपलीकडेच बाईंचं स्वयंपाकघर.

गोंगाटाचं एक वेळ जाऊ द्या, खरं दुखणं होतं केकचं. गावच्या मेळाव्यात स्पंज केकचा पहिला नंबर दरवर्षी ग्विलियमबाईंचा आणि दुसरा ह्यांचा. यंदा काहीही करून त्या ग्विलियमचं नाक ठेचायचंच, हे बाईंनी ठरवलेलं. स्पर्धा उद्यावर आलेली, आणि सकाळपासून दोन केक ओव्हनमध्ये फुगता फुगता त्या दणदणाटाने मटकन बसले होते.

तिसरा आत सरकवून बाई पीठभरल्या हातांनीच जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

"बंद कर ते बडवणं!"

"प्रीसबाई, आज गाणं संपवायचंय हो. उद्या यंत्रं परत जाणार," ड्रमवाला क्लाइव्ह काकुळतीला आला.

"संपव की! पण केक बाहेर यायच्या आत काठी लावलीस तर रात्री ताटात गवत वाढीन."

बाईंच्या हातचं जेवण सोडायची कुणाची छाती नव्हती. क्लाइव्ह हात बांधून बसला. गिटारवाला ट्रेव्हर वेळ जाईना म्हणून हळूहळू तारा छेडू लागला, आणि गाणारा त्यावर गुणगुणला.

"अरे, हेच! अशीच सुरुवात करा!" रेकॉर्डिंगवाला ओरडला. "बाई, केक किती राहिलाय?"

"होत आलाय."

"मग काढलात की दारातून हात करा. क्लाइव्ह, तेव्हाच सुरू हो."

टेप फिरू लागली. बाईंनी ओव्हन उघडला. काय फुगला होता हो केक! त्यांनी तो गार करायच्या जाळीवर उपडा घातला. तो लगेच सुलटा करायचा असतो, नाहीतर वर जाळीचे वळ उमटतात आणि परीक्षक गुण कापतात. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण आधी हात करायचा होता. बाई दारात गेल्या, हात वर केला, आणि क्लाइव्हने असा काही दणका दिला की त्यांच्या अंगावर काटाच आला. गाणं संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. पायाने ठेकासुद्धा धरला होता बाईंनी!

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात पुन्हा दुसरा नंबर.

"अगं एडना, जाळीचे वळ? तुझ्या केकवर?" ग्विलियमबाईंना आनंद लपवता येईना. "लक्ष कुठं होतं तुझं?"

बाईंचे डोळे भरून आले होते. मागे उभा असलेला क्लाइव्ह पुटपुटला, "आमच्यामुळे झालं हे."

"तू गप रे," बाई म्हणाल्या, आणि ग्विलियमबाईंकडे वळल्या. "गाणं ऐकत होते मी. आणि पुन्हा वाजवलं ना पोरांनी, तर पुन्हा ऐकेन."