पुढचा बैल

काहीही हलवायचं असो, फुलसिंगकाका आधी विचारत, "पुढचा बैल कोन्ता?" नवख्या माणसाला वाटे, टेम्पोवाल्याला बैल कशाला हवेत?

काका राळेगावजवळच्या तांड्यावरचे, बंजारा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. त्या कामाला त्यांच्या गोरबोलीत लदेणी म्हणत. बैल गेले, टेम्पो आला, पण काकांनी शब्द सोडला नाही. कापूस बाजारात नेला, लदेणी. नवरीचं सामान सासरी पोचवलं, लदेणी. माझ्या शाळेचे बाक, निवडणुकीच्या पेट्या, एवढंच काय, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेलं तीही लदेणीच. मी एकदा हसले, तर म्हणाले, "काहून हासता मास्तरीणबाई? कोनी भरोशानं देल्लं अन् आपन बरोबर उतरोलं, थे लदेनी." पुढचा बैल म्हणजे तांड्याचा म्होरक्या. तो निघाला तरच बाकीचे पाऊल उचलत. काका सामानातही असा एक शोधत. तो शेवटी चढवायचा आणि आधी उतरवायचा, हा त्यांचा नेम.

बाबा गेल्यावर मी आईला गावाहून यवतमाळला माझ्याकडे आणायचं ठरवलं. टेम्पो भरला, पण आई उंबरठ्यावरून हलेना. "मले नाही याचं," एवढंच. माझा आवाज चढला. काकांनी मला हातानंच गप्प केलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"माय, तुहा पुढचा बैल कोन्ता?"

आईनं दाराजवळच्या काळ्या दगडाकडे बोट केलं. रोज संध्याकाळी ती त्यावर बसे आणि भोवती शेजारणी जमत. मी कपाळावर हात मारला. काकांनी मात्र सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागवली. अर्धा तास घाम गाळून दगड चढवला, तशी आई मुकाट्यानं केबिनमध्ये जाऊन बसली. यवतमाळला आमच्या इमारतीच्या फाटकाशी आधी दगड उतरला. आई त्यावर घटकाभर टेकली आणि मगच जिना चढली. महिन्याभरात तिथंही बायका जमू लागल्या.

आता आई नाही, काकाही नाहीत. परवा मुलगा मला पुण्याला न्यायला आला. कंपनीच्या माणसांनी खोक्यांवर आकडे टाकून सगळं नीट भरलं. विचारलं मात्र कुणी काही नाही. मी फाटकाशी त्या दगडावर बसून राहिले.

"आई, चल ना. अजून काय राहिलंय?" मुलगा म्हणाला.

"सब्बल आन," मी म्हटलं.