एका गावातले चार योसेफ

आमच्या गावात ख्रिस्ती घर एकही नव्हतं, योसेफ मात्र चार होते. त्यातला पहिला मी. बाकीचे तिघे माझ्यामुळे झाले, आणि त्याचाही मला राग आहेच.

गाव जानेफळच्या बाजूला, सगळी शेतकरी वस्ती. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे माझा जन्म. माझ्याआधी आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. आमच्याकडे लेकरं जगत नसली की चांगलं नाव ठेवत नाहीत. दगडू ठेवतात, कचरू ठेवतात, नाहीतर फकिराच्या झोळीत घालून परत घेतात आणि फकिरा म्हणतात. दृष्ट लागू नये, एवढाच हेतू. मला यातलं काहीही चाललं असतं. दगडूला आमच्या शाळेत कोणी हसत नव्हतं. पण माझ्या वेळी बाळंतपण अडलं आणि आईला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी मला जगवलं, म्हणून नावही त्यांच्याकडूनच घेतलं. महादेवाला पाणी घातल्याशिवाय चहा न पिणारा माझा बाप बारशाला हे नाव कसं काय ऐकून बसला, मला अजून कळलेलं नाही.

मी जगलो. तेवढ्यानं नावाचा बोलबाला झाला. ज्या घरी लेकरं टिकत नव्हती त्या घरच्या बाया आईकडे आल्या आणि विरजण न्यावं तसं नाव मागून घेऊन गेल्या. कुंभाराचा योसेफ, माळ्याचा योसेफ, पाटलाच्या सालदाराचा योसेफ. एका खोलीची शाळा. मास्तर हजेरीला "योसेफ" म्हणत आणि चार कोपऱ्यांतून "हजर जी" येई. मास्तरांना त्यात भारी मौज वाटायची. मला नाही.

आणि त्यात आईची हाक. दिवेलागणीला ती रोज दारात उभी राहून ओरडायची, "योसेफ! योसेफ रे!" मी घरात असलो तरी. तिच्यासमोर बसून भाकर खात असलो तरी. "अवं माय, म्या इथंच बसलो ना," म्हटलं तरी दाराबाहेर तोंड करून हाक पुरी करायची. गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची. मी कधीच ओ दिली नाही. जिद्दच धरली होती.

सातवी झाली आणि चिखलीच्या हायस्कुलात जायचं ठरलं. नाव बदलायचं तर तेव्हाच. मोठ्या शाळेत लागलं की जन्मभराचं चिकटलं. यशवंत हे नाव मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. बाप तयार होता. "ठेव बे, काय फरक पडते," म्हणाला. आई मात्र "नाव बदलाचं नाही" एवढं म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली. कारण सांगेना, भांडेना, रडेना. मी दोन दिवस जेवलो नाही, तरी ढिम्म.

मग म्हटलं, ज्यांनी दिलं त्यांनीच परत घ्यावं. एसटीनं मिशनच्या दवाखान्यात गेलो. नर्सबाईंना आता चष्मा लागला होता. मी तावातावानं गाऱ्हाणं मांडलं, तर त्या हसायला लागल्या.

"अरे, केवढं आवडतं नाव आहे ते! आमच्यात दोन घरांआड एक योसेफ सापडेल. यहुदी लोकांच्या भाषेतलं आहे, फार जुनं."

"पण म्हणजे काय?"

"देव आणखी देवो. आमच्या शास्त्रातल्या एका बाईला कितीतरी वर्षांनी मुलगा झाला. तेव्हा ती म्हणाली, देवानं मला आणखी एक मुलगा द्यावा. तेच त्याचं नाव पडलं. तुझ्या आईला मी हे सगळं सांगितलं होतं."

परतीच्या गाडीत माझं डोकं भणभणत होतं. म्हणजे मी जन्मलो, धड डोळेही उघडले नव्हते, आणि माझ्याच नावानं दुसऱ्या कोणाला बोलावणं सुरू झालं होतं! बरं, माझ्यानंतर घरात कोणी जन्मलंही नाही. जो आलाच नाही त्याच्यापायी मी गावभर हसं करून घेत होतो.

घरी पोचलो तेव्हा आई तूर पाखडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"तुले म्या पुरलो नाही काय वं?"

"काय झालं बे?"

"नर्सबाईनं सांगतलं मले. तुले आनखी पोरगं पाह्यजे होतं. अन् रोज दारात उभी राहून तेच मांगतं तू."

आईनं सूप खाली ठेवलं. "पोरगं कोनं मांगतलं? तू काळानिळा पडला होता. बाई म्हने, आजचा दिवस निघाला तं निघाला. म्या म्हटलं, देवा, आनखी एक दिवस दे. दुसऱ्या दिवशी बी तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी बी." सुपातला खडा उचलून तिनं फेकला. "पयले दोन्ही दिवेलागनीलेच गेले, बाबू. मंग म्या हाकेत खंड कसा पाडू?"

माझा राग आणखीच चढला. इतकी वर्षं हे सांगायला काय झालं होतं? मोरीवर जाऊन पाय धुतले, तांब्या आपटला. नाव मला तेव्हाही आवडलं नाही. आजही आवडत नाही. पोस्टात, दवाखान्यात, सोयरिकीच्या बैठकीत "तुम्ही ख्रिश्चन का हो?" ऐकून ऐकून कान किटले आहेत.

अंधारून आलं. आईनं तूर आवरली, दिवा लावला, आणि दाराबाहेर तोंड करून हाक मारली, "योसेफ!"

मी तिच्या पाठीमागेच उभा होतो, ओल्या पायांनी.

"ओ," म्हणालो.

दुसरी हाक काही तिच्याच्यानं निघाली नाही.