आखाजीचं खारं आइस्क्रीम

आज मी सुनेवर ओरडले आणि चूक माझीच होती, म्हणून हे लिहिते आहे.

आज आखाजी, लेकींनी माहेरी जायचा सण. माझ्या सुनेची, शीतलची, आई या हिवाळ्यात वारली, त्यामुळे शीतल पहिल्यांदाच इथे मेहरूणला राहिली. तिच्यासाठी मी आइस्क्रीमचा लाकडी पॉट काढला. आतल्या दुधाच्या डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ मीच ठासून काठोकाठ भरलं. ती दांडा फिरवत होती.

डबा उघडल्यावर माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, चव घेतली. "बठ्ठं खारं शे! जिरं टाका, मठ्ठा व्हई जाई."

"झाकणही नीट लावता येत नाही का?" मी शीतलवर खेकसले.

तिचे डोळे भरले. "आई असती तर हसली असती," एवढंच म्हणाली.

बर्फ डब्याच्या झाकणाच्या पातळीपेक्षा खालीच ठेवायचा असतो, हे मला तेव्हा आठवलं. माझ्यामुळेच खारं पाणी आत गेलं होतं. तसं तिला सांगितलं, माफी मागितली. पुन्हा दूध आटवून गार केलं, केळी कुस्करली आणि दांडा मी फिरवला.

तुम्ही कधी सुनेची माफी मागितली आहे?

साक्रीला माझ्या माहेरी डब्यातलं दूध घुसळणारं पातं चाटायचा मान आखाजीला आलेल्या लेकीचा असे. आज ते आइस्क्रीमने माखलेलं पातं मी शीतलच्या हातात दिलं.