कामापुरती ओळख

घडवलेला प्रत्येक ठोकळा शाळेच्या हवाली करण्याआधी चाचा तो स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचे. दाढीच्या वर आणि डोळ्याच्या खाली जी मऊ जागा असते ना, तिथून. जराशी सल लागली की मान हलवायचे. "न्हाई बाई, अजून न्हाई. लेकराच्या हाताला टोचंल." आणि तो ठोकळा परत त्यांच्या पिशवीत जायचा. मी घाईला आलेली असायची. "चाचा, चालेल हो तेवढं," म्हणायचे. "घाई काहून करून राहिल्या?" ते विचारायचे. उत्तर ऐकायला थांबायचे मात्र नाहीत.

हिंगोलीत मोंढ्याच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. गाड्यांची चाकं आणि नांगर करण्यात हयात गेलेली. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मी तेव्हा वऱ्हाडातून मॉन्टेसोरी पद्धतीचं शिक्षण घेऊन आले होते आणि गावातल्या चार मंडळींनी समिती करून कापसाच्या एका रिकाम्या गुदामात मला बालमंदिर काढून दिलं होतं. लढाई नुकती संपली होती. मुलांच्या खेळण्याचं साहित्य बाहेरून मागवावं तर मिळत नव्हतं. माझ्यापाशी एक पुस्तक होतं, त्यात चित्रं होती आणि इंचांतली मापं.

चित्रातला दहा ठोकळ्यांचा मनोरा चाचांनी पुष्कळ वेळ पाहिला.

"ह्याच्यावर काय ठेवायचं?"

"काही नाही. मुलं रचतात, पाडतात, पुन्हा रचतात."

"आन मग?"

"मग काही नाही."

"म्हंजे बिनकामाचं काम हाय," ते म्हणाले आणि आपणच हसले. "लई अवघड मग. कामाच्या चीजेला उन्नीस-बीस चालतं. ह्याला चालायचं न्हाई."

महिन्याभराने ते ठोकळे घेऊन आले तेव्हा त्यांचं बोट धरून तीन वर्षांची नात होती, बानू. तिची आई, म्हणजे चाचांची लेक, बाळंतपणात गेली होती. घरात चाचा, त्यांची म्हातारी बहीण आणि ही पोर, एवढीच माणसं. ठोकळे मांडून होताहेत तोवर बानूने सगळ्यांत मोठा ठोकळा उचलून पोटाशी धरला आणि सोडीचना. "आता हिला बी ठिवून घ्या," चाचा म्हणाले. बालमंदिराच्या रजिस्टरात बानूचं नाव असं लागलं.

आमची सुट्टी त्या काळी शुक्रवारी असायची. गुरुवार मी पालकांसाठी ठेवला होता. गावात त्याला बेस्तरवारची बारी म्हणत. दर गुरुवारी दोघांतिघांनी यायचं, सतरंजीवर बसायचं, हात मागे घ्यायचे आणि अर्धा तास एक शब्द न बोलता आपलं मूल काय करतं ते पाहायचं. किती सोपा नियम वाटतो, नाही का? तुम्ही करून पाहा. एक बागाईतदार पाचव्या मिनिटाला घोरू लागले. एका आईने तीनदा उठून लेकीचं नाक पुसलं. किराणा दुकानाचे एक शेठ होते, त्यांचा मुलगा लहान ठोकळ्यावर मोठा ठेवू लागला की त्यांचा हात आपोआप पुढे जाई. चाचांनी हळूच त्यांचं मनगट धरलं.

"शेठ, हात मागं."

"अहो पण चुकतंय त्याचं!"

"चुकू द्या की. पडंल, पुन्हा लावंल. तुमचं काय जाऊन राहिलंय?"

अर्धा तास दगडासारखं बसून पाहणं साऱ्या गावात एका चाचांनाच जमलं. पाहून झालं की माझ्याकडे येऊन सांगायचे, बानू आज पेला धरताना करंगळी वर करत होती, परवा करत नव्हती. मी शिकून आलेली बाई. मला ती करंगळी दिसली नव्हती.

तांड्यावरची एक बाई मोळी विकायला यायची आणि आपल्या मुलाला घेऊन कुंपणाशी उभी राहायची. एका बेस्तरवारी चाचांनी तिला मोळीसकट आत आणलं. "हिची बी बारी लावा बाई. हिचं पोरगं रोज भायेरून बघून मोजून राहिलंय. बराबर मोजतंय." पोरगं दुसऱ्या आठवड्यापासून आत बसू लागलं. समितीतल्या काहींना ते रुचलं नाही. मी ठाम राहिले. त्या ठामपणाचा मला पुढे बरेच दिवस अभिमान होता. आज आठवलं की वाटतं, तेव्हा ठाम राहायला माझं काही जात नव्हतं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाच्या बाजूने बंदुका घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांचा जोर वाढला. गावात त्यांना नुसतं खाकीवाले म्हणत. चाचांचा एक पुतण्या त्यांच्यात गेला, त्या दिवसापासून चाचांनी त्याला उंबरा चढू दिला नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला माणसं बायकामुलांना सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात पोचवू लागली. शाळेत सात मुलं उरली, मग तीन. माझी आई थकलेली, आणि मला तिला घेऊन वाशीमला जायचं होतं. गाडीवान यायला तयार होईनात. चाचांनी कुणाची तरी बैलगाडी आणली आणि स्वतः हाकत आम्हाला कानेरगावच्या नाक्यापर्यंत नेलं. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. नाक्यावर खाकीवाल्यांनी गाडी अडवली.

"कौन है?"

"मेरी बेटी है. स्कूल की बाई."

"तेरी बेटी?" त्यांच्यातला एक पोरसवदा होता. त्याने चाचांच्या कानाखाली अशी वाजवली की टोपी खाली पडली. चाचांनी खाली उतरून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि पुन्हा तेच म्हणाले, "बेटी है." काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गाडी सोडली. सरहद्दीच्या नदीपाशी आल्यावर मी पाहिलं तर चाचांचा कान लालभडक झाला होता.

"चाचा, फार लागलं का?"

"ऊन लागून राहिलंय," ते म्हणाले. "जावा बेटी. शाळंची किल्ली माझ्यापाशी हाय."

तीन महिने मी वाशीमला होते. सप्टेंबरात हिंदी फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचा अंमल संपला आणि पंधरवड्याने मी परतले. शाळेची किल्ली चाचांच्या बहिणीने आणून दिली. चाचा फार बाहेर पडत नव्हते. गुदाम उघडलं तर जमीन सारवलेली होती. ठोकळे पुसून ओळीने मांडलेले, वाळवी लागू नये म्हणून कपाटाच्या पायांना डांबर फासलेलं. त्याच संध्याकाळी जाऊन मी चाचांना भेटायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं.

त्या दिवसांत हिंगोलीत काय चाललं होतं ते सगळं मी पाहिलं नाही. काही गल्ल्यांतली दारं मोडलेली दिसत. काही घरांतले पुरुष दिसेनासे झाले होते. काल घाबरणारी माणसं आज मोठ्याने बोलत होती. आमच्या समितीचे अध्यक्ष जमीनदार होते, पण माणूस वाईट नव्हता. शाळा सुरू झाली त्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, आता जरा सांभाळून बोलायचं. शाळा गावाच्या जिवावर चालते."

मी म्हणाले, "हो."

तिसऱ्या दिवशी, मुलं कामात होती तेव्हा, फौजेचा एक अंमलदार दारात आला. त्याच्याबरोबर दोन शिपाई, अध्यक्ष, गावातली पाचसहा माणसं आणि मध्ये चाचा. पुतण्याच्या नावावरून त्यांना धरलं होतं. त्यांना कुणी जामीन राहील का, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "मी कसा हाय ते शाळंच्या बाईला इचारा." एवढ्या गावात त्यांनी एकच नाव घेतलं होतं.

अंमलदार दक्षिणेकडचा असावा. मोडक्या हिंदीत, पण अदबीने बोलला. "आप इनको जानती हैं?"

वाक्यं माझ्यापाशी तयार होती. पुतण्याला यांनी घराबाहेर काढलंय. यांनी मला आणि माझ्या आईला नदीपार पोचवलं, त्यासाठी मार खाल्ला. ही शाळा यांच्या हातची आहे. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. मागे किराणावाले शेठ उभे होते. तेही पाहत होते.

मी म्हणाले, "शाळेचं सुतारकाम करायचे. कामापुरती ओळख आहे."

"इनका भतीजा..."

"मला माहीत नाही."

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. पण मला कुणी धमकावलं नव्हतं. मारायला कुणी उभं नव्हतं. शाळा बंद पडेल, एवढीच भीती होती, आणि तीसुद्धा कुणी बोलून दाखवली नव्हती. खरं सांगायचं तर त्या पाचसहा माणसांत मला वेगळं पडायचं नव्हतं.

बानू एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत बसली होती. "नाना!" म्हणून ती उठली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं. "काम पुरं कर बेटा," ते म्हणाले. "पानी सांडू नको." बानू परत बसली. चाचांना घेऊन गेले तेव्हा ती पाणी ओततच होती. दुपारी त्यांची बहीण येऊन तिला घेऊन गेली. तिला आजची रात्र माझ्याकडे राहू द्या, एवढंदेखील माझ्या तोंडून निघालं नाही.

चाचांना परभणीला नेलं. मी दोनदा अर्ज लिहायला बसले. दोन्ही वेळा तो पुरा केला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. अध्यक्षांकडे एकदा विषय काढला, तर ते म्हणाले, "निर्दोष असेल तर सुटेल की." मला ते वाक्य सोयीचं वाटलं.

ते सुटले. अडीच महिने गेले होते. त्यांच्याविरुद्ध काहीच निघालं नव्हतं. गुरुवारी सकाळी ते शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "बानूचं नाव कमी करून द्या. हैदराबादला जाऊन राहिलो. तिथं शाळंत घालायला कागद लागंल."

यापूर्वी त्यांनी मला बाईसाहेब कधी म्हटलं नव्हतं.

मी त्यांना आत बसायला सांगितलं. ते पायरीवरच बसले. दाखल्यावर पालकाचं पूर्ण नाव लिहायचं होतं, त्यासाठी मला रजिस्टर उघडावं लागलं, कारण ते मला पाठ नव्हतं. तीन वर्षं मी त्यांना चाचा म्हणत होते. इथेही मी ते नाव लिहीत नाही. अंमलदाराने विचारलं तेव्हा मी ओळख सांगितली नाही, आता नाव सांगून काय मिरवायचं?

"चाचा, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली.

"तकलीफ करून घेऊ नका," ते मला थांबवत म्हणाले. "तुमाला शाळा चालवायची हाय."

ते टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी सबब माझ्या हातात ठेवली, आणि ती किती हलकी आहे ते मला तेव्हा कळलं. त्यांनी दाखला घेतला, वाळू दिला, घडी केली. उठताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि दम घेतला. मी पुढे झाले नाही. पुढे होण्याचा हक्क उरला आहे की नाही ते मला ठरवता येईना.

दोन दिवसांनी सकाळच्या पूर्णेच्या गाडीने ते जाणार असं कळलं. मी स्टेशनवर गेले. घरी सांगताना म्हणाले, शाळेच्या पार्सलची चौकशी करायची आहे. चाचा आणि त्यांची बहीण डब्यात बसले होते, पायाशी एक गाठोडं आणि हत्यारांची पेटी. खिडकीत बानू होती. तिने मला लांबूनच पाहिलं.

"बाई! बाई!"

चाचांनी वळून पाहिलं. मग खाली वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. बानू गप्प झाली, नीट उभी राहिली आणि तिने उजवा हात कपाळाशी नेऊन मला सलाम केला. मोठ्या माणसांना करतात तसा.

मी हात वर करणार होते. पण त्याआधी फलाटावर ओळखीचं कोण कोण आहे ते पाहिलं. मोंढ्यातले दोघेजण होते. ते पाठमोरे होईपर्यंत मी थांबले, मग हात वर केला. तेव्हा माझ्यासमोरून शेवटचा डबा जात होता.